लाँग राईडचा डबा: शंभर-दोनशे किलोमीटरला काय खायचं, किती प्यायचं

पसरणी घाटात मी एकदा कठड्यावर बसून चक्क रडले होते. सायकल ठणठणीत, पाय दुखत नव्हते, घाट ओळखीचा, पण वाई सोडून चारेक किलोमीटर चढल्यावर अंगातलं सगळं कुणीतरी ओतून घेतल्यासारखं झालं, भर उन्हात अंगावर काटा आला आणि पाचगणी अजून किती राहिली हे साधं वजाबाकीचं गणित काही केल्या सुटेना. पहाटे पाचला पुण्यातून निघताना अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं, मग "वाईला पोचलो की मस्त खाऊ" या भरवशावर कात्रज, शिरवळ, खंबाटकी सगळं नुसत्या पाण्यावर काढलं, आणि वाईत पोचल्यावर तर्रीवाली मिसळ, वर दोन एक्स्ट्रा पाव. म्हणजे पायात काही नाही आणि पोटात धोंडा. बरोबर साठीतले एक काका होते, त्यांनी काय झालं, कसं झालं काही विचारलं नाही, खिशातली पुडी उघडून गुळाचा खडा पुढे केला, "ताई, आधी तोंडात टाका, मग बोला." पंधरा-वीस मिनिटांनी मी त्यांना पाचगणी किती राहिली ते बरोबर सांगितलं.

सायकलवाले याला बाँक होणं म्हणतात. हा दमण्याचा प्रकार नाही, हा सरळ सरळ न खाल्ल्याचा प्रकार आहे आणि तो शंभर टक्के टाळता येतो. त्यानंतर मी बऱ्याच राईड्स केल्या, दोनशेच्या, तीनशेच्या, एक चारशेची, पोटाचे सगळे घोळ घालून झाले, त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितेय. डाएटिशियन नाही मी. डायबेटिस, बीपी, किडनीचं काही असेल तर खाली जे साखर-मिठाचं लिहिलंय ते आधी डॉक्टरांना विचारा, मग करा, हे मनापासून सांगते.

आधी थोडा हिशोब, नाहीतर पुढचं पटणार नाही

आपल्या स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम कार्ब्स (भात, पोळी, साखर यांतून मिळणारी कर्बोदकं) ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेले असतात. एका ग्रॅमला 4 कॅलरी धरल्या तर 1600 ते 2000 कॅलरी झाल्या. सत्तर किलोचा माणूस बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या आसपास चालवत असेल तर तासाला साधारण 400 ते 500 कॅलरी जातात. आता दोनशे किलोमीटरला दहा तास धरा, चार-पाच हजार कॅलरी. चरबीचा साठा भरपूर असतो, बारीक माणसातसुद्धा असतो, पण चरबी हळूहळू जळते, ती म्हणजे एफडी आहे आणि ग्लायकोजेन म्हणजे खिशातली कॅश. चढ आला, वारा समोरून आला, पुढच्याला गाठायची हौस आली की कॅशच लागते. असा जोर लावत राहिलात तर ती अडीच-तीन तासांत, घाट असेल तर आणखी लवकर, संपायला येते.

म्हणून जाताजाता भरत राहायचं. किती? तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स. निवांत राईड, वजन कमी, तर तिशी-चाळिशीच्या आसपास, घाट किंवा वेळेचं बंधन असेल तर साठकडे. साठच्या वर का नाही, तर ग्लुकोज आतड्यातून रक्तात शिरायचा जो दरवाजा आहे त्यातून तासाला तेवढंच आत जातं, उरलेलं पोटात बसून गडबड करतं. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा असतो, म्हणून दोन्ही मिसळून घेतले तर सराव असलेले लोक नव्वदपर्यंत जातात. आणि गंमत बघा, आपली साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोजच आहे, गुळातही मुख्य साखर तीच. परदेशी एनर्जी जेलच्या (राईडमध्ये गिळायच्या गोड, घट्ट पाकाच्या) पाकिटावर जे मोठ्या अक्षरात छापतात ते आपल्या डब्यात आजीच्या काळापासून आहे.

मग 40 ग्रॅम म्हणजे ताटात किती

हे एकदा पाठ झालं की काम सोपं. मध्यम केळ्यात 20 ते 25 ग्रॅम कार्ब्स, वेलची केळी असतील तर दोन मिळून तेवढे. साधे मध्यम खजूर चार घेतले तर वीसच्या थोडे वर. उकडलेला बटाटा शंभर ग्रॅमला 17 ते 20, रताळं साधारण तेवढंच. घरची एक पोळी 20-22, त्यात गूळ-तूप घालून गुंडाळी केली की पस्तीसच्या घरात. इडली घरची असेल तर एकीत 8-10. उसाचा रस एक ग्लास तिसेक ग्रॅम, सगळी साखर. शहाळ्याचं पाणी मात्र त्या मानाने अगदीच कमी, एका शहाळ्यात दहा-बारा ग्रॅम, म्हणजे "शहाळं प्यायले, आता तासभर बघायला नको" हा गैरसमज आहे.

चिक्की आणि शेंगदाण्याचा लाडू सगळे नेतात, मीही नेते, पण त्यात दाण्यामुळे फॅट बरंच असतं आणि फॅट पचायला वेळ घेतं, म्हणून चिक्की सपाटीला, घाटाच्या पायथ्याशी नाही. राजगिऱ्याचा लाडू मात्र हलका, गूळ चांगला मुरलेला, चुरा होतो हा एकच दोष, खाताना पाणी बरोबर घ्या नाहीतर टाळ्याला चिकटून बसतो आणि खोकून खोकून जीव जातो.

खरं सांगायचं तर आपली उपवासाची पिशवी हीच सायकलची पिशवी आहे. राजगिरा, खजूर, रताळं, केळं, उकडलेला बटाटा. एकादशी नि दुप्पट खाशी असं चिडवतात ना, लाँग राईडला नेमकं तेच करायचं असतं. साबुदाण्याची खिचडी तेवढी घाटाच्या आधी नको, तूप आणि दाण्याचं कूट पोटात रेंगाळतं.

जेल वाईट असतात असं मी म्हणत नाही. पटकन गिळता येतं, चावायला लागत नाही, शेवटच्या तासात जबडा हलवायचा कंटाळा येतो तेव्हा एखादं बरं पडतं. पण दहा तास जेलवर काढायचे तर खिसा रिकामा होतो आणि सहाव्या तासाला त्या गोडाची शिसारी येते. माझ्याकडे एक असतं, इमर्जन्सीला, बऱ्याचदा तसंच घरी परत येतं.

राईडच्या आधीचा आठवडा आणि आदली रात्र

पहिला नियम, राईडच्या दिवशी नवीन काही नाही. नवीन पावडर नाही, नवीन बार नाही, कुणी प्रेमाने दिलेला होममेड प्रोटीन लाडू नाही. पोटालाही सराव द्यावा लागतो, पायांसारखाच. रविवारच्या साठ-सत्तर किलोमीटरच्या राईडला तासाला तीस ग्रॅमपासून सुरुवात करा, पुढच्या आठवड्यात चाळीस, मग पन्नास, आणि कशाने पोट फुगतं, कशाने ढेकर येतात, कशाने काहीच होत नाही ते लिहून ठेवा. मला सुक्या अंजिराने त्रास होतो, माझ्या बरोबरची एक जण अंजिरावरच चालते, तेव्हा दुसऱ्याची लिस्ट उचलून उपयोग नाही.

आदल्या रात्री खूप नाही, नेहमीपेक्षा थोडा भात जास्त. वरणभात, तूप, बटाट्याची भाजी, दही. कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्यं, छोले-राजमा, पालेभाजीची मोठी वाटी हे सगळं आरोग्याला चांगलं पण त्या रात्री नको, कारण फायबर दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवर हिशोब मागतं. "उद्या राईड आहे" म्हणून आदल्या रात्री बाहेर बिर्याणी हाणणारे पुष्कळ बघितलेत, मग पहाटे चारला त्यांचे मेसेज येतात की तुम्ही व्हा पुढे.

पहाटेचं खाणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण चारला उठून कुणाला खावंसं वाटतं? रात्रभरात लिव्हरमधला साठा बराच उतरलेला असतो, म्हणून काहीतरी टाकणं आवश्यक. पुस्तकी हिशोब असा की राईडच्या एक ते चार तास आधी, वजनाच्या दर किलोला 1 ते 4 ग्रॅम कार्ब्स, वेळ जितका कमी तितकं कमी. साठ किलोच्या बाईला तासभर आधी साठ ग्रॅम झाले. म्हणजे बशीभर पोहे आणि एक केळं, संपला विषय. पोह्यात दाणे आणि तेल कमी, खोबरं-शेव विसरा. पोहे जात नसतील तर रव्याची खीर, दूधपोळी, किंवा दोन गूळपोळ्या. माझं ठरलेलं म्हणजे रात्रीच केलेल्या तीन इडल्या, वर साखर भुरभुरून, चटणी नाही. घरचे हसतात, हसू देत.

चहा-कॉफी नेहमी घेत असाल तर घ्या, एक कप चहाने काही डिहायड्रेशन होत नाही. उलट नेहमीचा चहा टाळला की आठ वाजता डोकं धरतं आणि पोट साफ व्हायचं राहतं. उठल्या उठल्या दोन ग्लास पाणी, निघायच्या तासभर आधी पिऊन घ्या म्हणजे घरीच मोकळं होता येतं.

सायकलवर बसल्यावर: घड्याळ लावून खा

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, बाकी विसरलात तरी चालेल. भूक लागली म्हणून खायचं नाही, तहान लागली म्हणून प्यायचं नाही. निदान खाण्याच्या बाबतीत तरी भूक हा उशिरा येणारा पाहुणा आहे, तो येईपर्यंत अर्धा तास तुम्ही तोट्यात असता, शिवाय खाल्लेलं पायापर्यंत पोचायला आणखी पंधरा-वीस मिनिटं. मोबाईलवर किंवा सायकल कॉम्प्युटरवर दर वीस मिनिटांचा अलार्म लावा, वाजला की दोन घास आणि तीन-चार घोट. पहिला अलार्म निघाल्यापासून वीस-तीस मिनिटांनीच, तेव्हा अजिबात गरज वाटणार नाही, पुण्यातून बाहेर पडतानाचा नवले पूलसुद्धा मागे पडलेला नसेल कदाचित, तरी खा. सुरुवातीच्या तीन तासांत जे खाता ते सातव्या तासाला कामाला येतं.

एकदम भरपेट नाही, घासघास. जोर लावून सायकल मारताना रक्त पायांकडे असतं, पोटाला उरतं थोडंच, ते थोडंथोडंच पचवू शकतं. माझी मिसळ म्हणूनच बसली होती.

आता प्रत्यक्षात कसं नेते ते सांगते. पोळी रात्री करून, थोडं तूप, किसलेला गूळ, आणि किंचित मीठ, हो मीठ, मग घट्ट गुंडाळी, तिचे चार तुकडे, प्रत्येक तुकडा वेगळा फॉईलमध्ये, टॉफीसारखी दोन्ही टोकं पिळून. एका हाताने उघडता आलं पाहिजे, हा कायम नियम. राईडच्या आदल्या दिवशी ग्लोव्ह्ज घालून स्वयंपाकघरात उघडून बघा, उघडत नसेल तर चालत्या सायकलवर तर नाहीच उघडणार. हे तुकडे हँडलजवळच्या छोट्या बॅगेत, पुढे. मागच्या जर्सीच्या खिशात बटाटे, बेबी पोटॅटो, सालासकट उकडलेले, मीठ-मिरपुडीत घोळवून झिपलॉकमध्ये. गोड खाऊन वीट आला की एक बटाटा म्हणजे स्वर्ग. खजूर बिया काढून न्या, नाहीतर बी थुंकायच्या नादात खड्डा दिसत नाही, अनुभव आहे.

फॉईलचे कपटे परत खिशात. घाटात टाकू नका, प्लीज.

पाणी, आणि त्याहून विसरलेलं मीठ

पाणी किती, याला एकच आकडा नाही. कुणी तासाला अर्धा लिटर घाम गाळतो, कुणी दीड लिटर. स्वतःचा आकडा काढायची सोपी पद्धत: एक तासाची नेहमीच्या जोमातली राईड, आधी वजन, नंतर अंग पुसून वजन, दोन्ही वेळा कमीत कमी कपड्यांत. जेवढं वजन उतरलं, त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा, तो तुमचा तासाचा घाम, एक किलो म्हणजे एक लिटर. हे एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलमध्ये करा, दोन वेगळीच माणसं निघतील. घामाचं सगळं पाणी भरून काढायची गरज नसते, वजनाच्या दोनेक टक्क्यांपर्यंत उतरलं तर चालतं. बहुतेकांना तासाला 500 ते 750 मिली पुरतं, मे महिन्यात त्याहून जास्त.

उलटी चूकही होते आणि ती जास्त घाबरवणारी आहे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि बरोबरचे म्हणतात अरे याला पाणी पाजा. राईडनंतर वजन निघतानापेक्षा वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात. गोंधळ, उलट्या, झटके असं काही दिसलं तर पाणी थांबवून थेट हॉस्पिटल.

म्हणून मीठ. एक लिटर घामात सोडियम कुणाचं 400 मिलीग्रॅम, कुणाचं हजाराच्याही वर जातं. राईडनंतर काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उमटत असतील, हेल्मेटचा पट्टा कडक होत असेल तर तुम्ही खारट मंडळीत मोडता. माझी बॉटल अशी: 750 मिली पाणी, सहा-सात सपाट चमचे साखर म्हणजे तिसेक ग्रॅम, पाव चमचा मीठ म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यातून 500-600 मिलीग्रॅम सोडियम मिळतं, आणि अर्ध्या लिंबाचा रस. चमचा पोह्यांचा नाही, चहात साखर घालतो तो छोटा. खर्च पाच-सहा रुपये. उकाड्यात कोकमाचं आगळ चमचाभर घातलं तर अजून छान. सायकलला दोन बॉटल, एकीत हे, दुसरीत साधं पाणी, कारण साधं पाणी तोंड धुवायला, मानेवर ओतायला, आणि गोड नकोसं झाल्यावर लागतंच.

ओआरएसची पावडर घेत असाल तर पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या आणि पूर्ण पाकीट सांगितलेल्या पाण्यातच घाला. एका लिटरच्या त्या फॉर्म्युल्यात ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं, म्हणजे ते मिठासाठी आहे, पोट भरायला नाही, बरोबर खायचंच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण मीठ कमी, तेव्हा शहाळ्याबरोबर खारे दाणे किंवा मीठ लावलेली काकडी. ताक उत्तम, पण बर्फ कुठल्या पाण्याचा आहे कुणाला माहीत, रसवंतीवरही मी "बिनबर्फाचा, मीठ-लिंबू मारून" सांगते.

लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर सगळं बरं चाललंय. चार-पाच तास लागलीच नाही आणि लागली ती गडद, तर चूक होतेय.

बायकांसाठी एक गोष्ट, पुरुषांनीही वाचा

आम्ही पाणी कमी पितो. तहान नसते म्हणून नाही, हायवेवर जायचं कुठे म्हणून. मी कित्येक राईड्स अशा काढल्यात की पहाटेपासून दुपारपर्यंत एक बॉटल, आणि मग संध्याकाळी डोकेदुखी, दुसऱ्या दिवशी जळजळ. यावर उपाय पाणी कमी पिणं हा नाही, थांबे आधी ठरवणं हा आहे. रूट बघताना मी आधी पेट्रोल पंप मार्क करते, मग खाण्याची ठिकाणं. मोठे पंप आणि हायवेवरचे फूड मॉल बऱ्यापैकी असतात, गावातल्या शाळा-मंदिरांजवळ घरच्या बायकांना विचारलं तर नाही कुणी म्हणत नाही, उलट चहा मिळतो. ग्रुपमध्ये पुरुष लीडर असेल तर त्याला आधीच सांगा की दर दोन तासांनी पंपावर थांबा हवा. लाजायचं काही कारण नाही, ते लोक झाडामागे जातात तेव्हा आपण थांबतोच की.

थांबा: हॉटेलात काय मागवायचं

ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लाँग राईडला, दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास असतात, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस, आणि घड्याळ हॉटेलातसुद्धा चालूच असतं. पाऊण तासाचे तीन थांबे म्हणजे सव्वादोन तास गेले. शिवाय पाऊण तास बसलं की पाय लाकडासारखे होतात. वीस मिनिटं, बसायच्या आधी ऑर्डर, ऑर्डर येईपर्यंत बॉटल भरणं, तोंड धुणं.

मागवायचं काय तर इडली, साधा डोसा, पोहे, दहीभात, वरणभात, खिचडी, चहा-पाव. वडापाव अगदीच पाप नाही, मी पाव खाते आणि वडा अर्धा बरोबरच्याला देते. टाळायचं म्हणजे मिसळ, पुरी-भाजी, पनीरवालं काहीही, लस्सी, आणि महाबळेश्वरात पोचायच्या आधी स्ट्रॉबेरी-क्रीम. पोचल्यावर खा, तिथवर चढून आलात, हक्क आहे. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या मार्गावरून एक पेस्ट्रीच निघालीय, चाकाच्या आकाराची, आत क्रीम भरलेली, दिसते भारी, पण चालू राईडमध्ये ती खायची माझी तरी छाती नाही.

थांब्यावर पोटभर खाल्लं असेल तर पुढचा अर्धा तास हलक्या गिअरवर. आणि घाट पुढे असेल तर मोठा थांबा घाटाच्या आधी नाही, नंतर. सुरूर फाट्याला वळून वाईत आलात तर ढोल्या गणपतीला नमस्कार करा, केळं खा, बॉटल भरा आणि सुटा. पाचगणीपर्यंत बाराएक किलोमीटरच आहेत, तिथे टेबलावर बसून खाल्लेल्या त्याच इडलीची चव वेगळी लागते. घाटात श्वास लागलेला असताना चावायचं जमत नाही, म्हणून चढताना बॉटलमधली साखर आणि गुळाचा खडा गालात ठेवून, एवढंच.

पोट बिघडलं तर

मळमळतंय, पोट डबडबतंय, पाणी आत जातंय पण खाली उतरत नाही असं वाटलं तर पहिलं काम वेग कमी करणं. आणखी खाऊन ते जात नाही. दहा-पंधरा मिनिटं आरामात पॅडल मारा, साधं पाणी छोटे घोट, सावली असेल तर थांबा, मानेवर ओला रुमाल. बऱ्याचदा बॉटल फार गोड झालेली असते, साधं पाणी मिसळलं की सुटतं. आल्याचा तुकडा, आलेपाक चालतो. थोडं बरं वाटलं की परत एक घास, न खाता पुढे रेटू नका, कारण मग बाँक येतो.

बाँक आलाच तर थांबा, बसा, 30-40 ग्रॅम पटकन पचणारी साखर, म्हणजे उसाचा रस, गूळ किंवा थंड गोड पेय, वर पाणी, आणि वीस मिनिटं हलू नका. उतारावर असाल तर अजिबातच नाही, त्या अवस्थेत ब्रेकचा अंदाज चुकतो.

पाय दुखतायत म्हणून आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर घेऊन पुढे जाणं ही वाईट सवय बऱ्याच लोकांत दिसते. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती किडनीला आणि पोटाला दोन्हीला महाग पडते. आणि उन्हात कुणाचं बोलणं अडखळायला लागलं, अंग तापलेलं असेल तर राईड संपली समजा, सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा.

रात्र, थंडी, पाऊस

तीनशेच्या पुढे रात्र लागते. रात्री गोड नकोसं होतं, गरम आणि खारट हवंसं वाटतं, तेव्हा ढाब्यावर दाल-राईस, वर लिंबू. पहाटे दोन ते चार झोप मारते, त्यावर चहा-कॉफी दोनच्या आसपास एकदा, सारखी सारखी नाही. थंडीत आणि पावसात तहान कळतच नाही, कोकणात पावसाळ्यात तर घाम आणि पाऊस वेगळा ओळखता येत नाही, म्हणून तिथेही अलार्म चालूच ठेवा.

घरी आल्यावर

पहिल्या अर्ध्या-एक तासात काहीतरी खाऊन घ्या, विशेषतः दुसऱ्या दिवशीही चालवायचं असेल तर. पंढरपूरला सायकलवर जाणारे बरेच जण दुसऱ्या दिवशी परतही चालवतात, त्यांना हे फार लागू. कार्ब्स आणि 20-25 ग्रॅम प्रोटीन. तीन-चार अंडी आणि पोळ्या, किंवा मोठी वाटी घट्ट वरण, भात, पनीर, वर ग्लासभर दूध. एकट्या वरणात तेवढं प्रोटीन भरत नाही, म्हणून हे वाढवून सांगतेय. पाणी एकदम लिटरभर नको, संध्याकाळभर थोडंथोडं, जेवणात लोणचं-पापड असू दे, आज मीठ चालतं. बिअरचा प्रश्न दर वेळी निघतो, तर आधी पाणी आणि जेवण, मग तुमचं तुम्ही बघा.

आणि आंघोळीला जायच्या आधी बॉटल धुवा. लिंबू-साखरेची बॉटल न धुता बॅगेत तशीच राहत गेली की झाकणाच्या नळीत काळी बुरशी धरते, ती बाहेरून दिसत नाही. गरम पाणी, थोडा सोडा, झाकण आणि रबरी तोंड वेगळं काढून जुन्या टूथब्रशने, मग उलटी, झाकण न लावता, खिडकीत.